रात्री हाताला मुंग्या येतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगटाचा पट्टा दिवसभर बांधू की फक्त झोपताना?

फक्त झोपताना बांधा. दिवसभर बांधलात तर मनगट आखडू शकतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बहुधा कार्पल टनेल. झोपेत मनगट नकळत दुमडतं आणि तिथल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाते. पट्टा मनगट सरळ ठेवतो, एवढंच त्याचं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गफलत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी दिसते: तयार स्प्लिंटमधली (म्हणजे या मनगटाच्या पट्ट्यातली) धातूची पट्टी बऱ्याचदा मागे वाकवलेली असते. ती कप्प्यातून काढा, सरळ करा, मग घाला. वेल्क्रो इतपतच आवळा की खाली एक बोट सरकेल, आणि मूठ पूर्ण वळली पाहिजे. 6 आठवडे नेमाने वापरा, दोन रात्रींत निकाल लावू नका. (करंगळीही बधिर होत असेल, तर भानगड दुसऱ्या नसेची असू शकते.) मात्र अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, हातातून कप निसटू लागला किंवा बधिरपणा दिवसाही जाईना, तर पट्ट्यावर वेळ न घालवता ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.