अळी सापडली म्हणून घरी आणू नकोस

तू पाठवलेला फोटो बघितला. पाटणच्या बाजूला कुजक्या ओंडक्यात सापडलेली ती पांढरी अळी बहुतेक स्टॅग बीटलची (नराचे जबडे हरणाच्या शिंगांसारखे असतात तो भुंगेरा) असावी, हुमणी नाही. आपल्याकडे जाड, वाकडी अळी दिसली की हुमणी म्हणून चिरडतात. हुमणी उसाच्या मुळ्या खाते, ही मात्र मेलेलं लाकूड. खात्री करायची तर भिंगातून शेपटाकडे बघ: हुमणीची गुदाची चीर आडवी किंवा इंग्रजी Y सारखी असते, हिची उभी.

भुंगेऱ्यांच्या नादाच्या पहिल्या वर्षी मीही एक अळी बरणीत कोरड्या भुश्यात ठेवली. आठवड्यात काळी पडून मेली. अजून वाईट वाटतं. तिला तिचंच ओलसर, बुरशीनं मऊ झालेलं लाकूड लागतं, आणि कात टाकत वाढायला महिनेच्या महिने.

त्यामुळं ओंडका होता तसाच झाक. कोयना-चांदोलीच्या संरक्षित जंगलाच्या हद्दीत तर काहीच उचलू नकोस, कायदा कडक आहे. जून-जुलैत गावातल्या दिव्याखाली उभा राहा, भुंगेरे आपणहून येतील. नराच्या लांब जबड्यांना घाबरू नकोस, आखूड जबड्याची मादीच जोरात चावते. जिराफ स्टॅग बीटलचा नर १० सेंटीमीटरच्याही पुढे जातो, म्हणून फोटोत पट्टी ठेवत जा.