तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला कोणती मोबाईल ॲप खरंच लागतात?

तुम्ही विचारलंय की नवीन किराणा दुकान टाकलंय, लोकांचं ऐकून फोनवर दहा-बारा ॲप भरलीत, त्यातली ठेवू कोणती आणि काढू कोणती. माझं कराडजवळ किराणा आहे आणि शेजारच्या गाळ्यात मिरची कांडप. एके काळी माझ्याही फोनची हीच गत होती. आता रोज उघडतो ती तीन.

पहिलं व्हॉट्सॲप बिझनेस. फुकट आहे आणि गिऱ्हाइकाला नवीन काही शिकावं लागत नाही. फक्त घरच्या नंबरवर सुरू करू नका. साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस एकाच नंबरवर चालत नाहीत. दुकानाचं वेगळं सिम घ्या, दोन्ही एकाच फोनमध्ये सुखाने नांदतात. मला सगळ्यात कामाला आली ती लेबलं. फेब्रुवारी ते मे कांडपाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पूर्वी बायका डबे रांगेत लावून बसायच्या आणि 'माझा नंबर आधी होता' यावरून दिवसाला एक भांडण ठरलेलं. आता डबा आला की त्या चॅटला 'आले' हे लेबल, कुटून झालं की 'तयार', नेलं की 'नेले'. तिरकी रेघ देऊन दोन अक्षरं टाइप केली की 'ताई, चटणी झाली, सातच्या आत न्या' हा आधी साठवलेला निरोप समोर येतो. ब्याडगी-संकेश्वरी मिरच्यांचे फोटो कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या मालाच्या यादीत, जरूर टाका, पण भाव टाकू नका. ती जागा रिकामी ठेवता येते. नाहीतर लोक महिन्यापूर्वीचा भाव फोनवर दाखवून वाद घालतात. आणि ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना धाडलेला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून नवं गिऱ्हाईक गल्ल्याशी असतानाच नंबर सेव्ह करायला लावा.

दुसरं यूपीआय. भीम घ्या, फोनपे घ्या, गूगल पे घ्या, फार फरक नाही. समोरच्याचं ॲप कुठलंही असलं तरी तुमच्या क्यूआरवर पैसे येतात. बोलणारा डबा, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स, घेणार असाल तर महिन्याचं भाडं किती, ते आधी विचारून घ्या. पण गर्दीच्या दुकानात तो हवाच. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, डबा बोलला किंवा आपल्या खात्यात दिसलं तरच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे दुकानातल्या पोरालाही पाठ करून ठेवा. फसलातच तर वेळ न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

तिसरं उधारीच्या वहीचं ॲप. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. नाव सांगत नाही, कारण चूक ॲपची नव्हती, सेटिंग न बघणाऱ्या माझी होती. पहिल्या दिवशी हौसेने सगळी जुनी वही त्यात चढवली. प्रत्येक नोंदीबरोबर त्या त्या गिऱ्हाइकाला 'तुमच्याकडे इतके रुपये येणे आहे' असा मेसेज परस्पर जात होता आणि मला पत्ता नाही. संध्याकाळी आमचे एक रिटायर गुरुजी आले. पेन्शन झाली की पाच तारखेच्या आत हिशेब चुकता करणारा माणूस. त्यांनी 1,340 रुपये मोजून गल्ल्यावर ठेवले, 'मला कधी मागावे लागले होते का रे?' एवढंच म्हणाले आणि गेले. त्यानंतर आठ महिने त्यांची पिशवी समोरच्या दुकानातून भरून जाताना बघितली. शेवटी बायको त्यांच्या घरी जाऊन आली तेव्हा कुठे मिटलं. तेव्हा पहिली नोंद करण्याआधी आपोआप जाणारे मेसेज बंद करा आणि बॅकअप चालू आहे का बघा. आठवण करायचीच तर स्वतः फोन करा. आणि ज्या म्हाताऱ्यांचा कागदाच्या वहीवरच विश्वास आहे, त्यांची वही ठेवा. मी अजून ठेवतो.

बिलाच्या ॲपची घाई नको. मी आठशे वस्तू भरल्या आणि पंधरा दिवसांत नाद सोडला, कारण पाच रुपयांच्या बिस्किटाला कोण बिल करतो? महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या विक्रीला वर्षाच्या 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवा आली, जसं माझं कांडप, की ती मर्यादा 20 लाखांवर येते. त्या आकड्याजवळ पोचलात की आधी कर सल्लागाराला गाठा, मग तो वापरतो त्या सॉफ्टवेअरशी जुळेल असं ॲप घ्या.

राहिलं गूगल मॅपवर दुकान टाकणं. त्याला वेगळं ॲप लागत नाही, मॅपमधूनच होतं आणि फुकट होतं. 'तुमचं दुकान वर आणून देतो' म्हणून पैसे मागणारे फोन येतील, ते कापा. वेळा आणि नंबर नीट भरा. गणपतीत बंद ठेवणार असाल तर त्या तारखाही टाका, नाहीतर पुण्याहून गावी आलेला माणूस बंद शटरसमोर उभा राहून, ऐन आरतीत तुम्हाला फोन लावतो.