खासदारांनी मांडलेली मागणी पुढे कुठे जाते?

प्रश्न : केळीच्या वाहतुकीसाठी रेल्वेचे जादा डबे मिळावेत, ही मागणी आमच्या खासदारांनी लोकसभेत शून्य प्रहरात मांडल्याची बातमी वाचली होती. त्यानंतर दोन हंगाम उलटले, तरी पुढे काही कळले नाही. ग्रामसभेत ठराव झाला, तर तो निदान वहीत दिसतो. संसदेतली मागणी कुठे जाते? एवढे मोठे सभागृह सरकारला हुकूम का देत नाही?
— एक केळी उत्पादक, जळगाव जिल्हा

उत्तर : आपण केलेली ग्रामसभेची तुलना उपयोगी आहे, पण फरकही तिथेच आहे. ग्रामसभेत ठराव मंजूर होतो. शून्य प्रहरात सदस्य केवळ आपले म्हणणे मांडतो, त्यावर मतदान होत नाही आणि मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधनही नसते. ‘शून्य प्रहर’ हा शब्द सभागृहाच्या नियमावलीत नाही, ती प्रथेने रुळलेली सोय आहे. आपली मागणी कामकाजाच्या नोंदीत छापली गेलेली असेल, म्हणजे वहीत ती आहे. निर्णय मात्र झालेला नाही.

हुकमाविषयी सांगायचे, तर डबे किती आणि कुठे द्यायचे हे मंत्रालय ठरवते. संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते, आणि ही जबाबदारी वसूल करण्याची साधने सभागृहाच्या हाती आहेत.

त्यांतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते साधे प्रश्न विचारण्याचे. सदस्याला किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. समजा, आपल्या विषयावरील उत्तरात ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे वाक्य आले, तर वाचणाऱ्याला ती टोलवाटोलवी वाटते. संसदेच्या लेखी मात्र अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जाऊ शकतात. नोंदवलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. ते न झाल्यास मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. त्यावर लक्ष ठेवायला १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती आहे, तिच्यावर मंत्री नेमले जात नाहीत, आणि ती अधिकाऱ्यांना बोलावून विलंबाचे कारण विचारू शकते. शून्य प्रहरातल्या भाषणाची बातमी होते आणि लेखी उत्तराची सहसा होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पाठपुराव्याचा धागा त्या उत्तरातच असतो.

दुसरे साधन पैशाचे. प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्याच्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेने मंजूर केल्याशिवाय खर्च करता येत नाही. एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायचे असेल, तर सदस्य मागणीची रक्कम १०० रुपयांनी कमी करावी अशी सांकेतिक कपात सूचना देऊ शकतो. रक्कम नाममात्र असते. त्या निमित्ताने नेमक्या त्याच विषयावर बोलता येते. अशी सूचना मंजूर होणे मात्र जवळजवळ अशक्य असते, कारण तो सरकारवरचा अविश्वास मानला जाईल आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदींमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. शिवाय अनेक मागण्या वेळेअभावी शेवटच्या दिवशी चर्चेविनाच मतास टाकल्या जातात. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९९३ पासून या मागण्या तपासणाऱ्या विभागवार स्थायी समित्या आहेत; आज त्या २४ असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. रेल्वेसाठीही अशी समिती आहे.

राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत. ते प्रश्न विचारू शकतात, पण अनुदानाच्या मागण्यांवर मत देऊ शकत नाहीत, आणि धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाविषयीचे विधेयक, त्या सभागृहाला १४ दिवसांत शिफारशींसह किंवा त्यांविना परत करावे लागते.

तेव्हा खासदारांच्या कार्यालयात गेलात, तर ‘मागणी मांडली का’ एवढ्यावर थांबू नका. या विषयावर तारांकित वा अतारांकित प्रश्न विचारला होता का, त्याचा क्रमांक आणि तारीख काय, हे विचारा. उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रश्न विचारलाच नसेल, तर पुढील अधिवेशनासाठी त्याची सूचना देण्याची विनंती करा. याखेरीज नागरिकांना लोकसभेकडे याचिकाही करता येते. तिच्यावर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते, आणि ती याचिका समितीपुढे जाते.