जर्मन पॅराट्रूपरच्या (विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकाच्या) एफजी ४२ रायफलीचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, डाव्या बाजूला का होतं?

पालथं पडून नेम धरताना खाली लोंबणारं मॅगझिन जमिनीला अडतं, म्हणून २० गोळ्यांचं ते मॅगझिन बाजूला घेतलं. रायफलही आखूड राहिली. १९४१ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर उड्या मारणाऱ्या बहुतेकांजवळ फक्त पिस्तूल आणि हातबॉम्ब होते. रायफली वेगळ्या पेट्यांतून टाकत. त्या जीवघेण्या अनुभवानंतर ही बनली.

मला मात्र तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग, जास्त विलक्षण वाटतो. एकेक गोळी झाडताना तो आधीच बंद असतो, फक्त फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सळई) पुढे जाते, त्यामुळे नेम ढळत नाही. सलग माऱ्यात चाप सोडला की तो मागे उघडा थांबतो, नळीत हवा खेळते आणि तापलेल्या चेंबरमध्ये (गोळी बसते त्या नळीच्या मागच्या भागात) गोळी आपोआप उडण्याची भीती राहत नाही. पहिलं मॉडेल साधारण ४.२ किलोचं, त्यातून ७.९२ मिमीची पूर्ण ताकदीची गोळी सलग झाडताना रायफल आवरणं कठीणच.