सोरायसिसचं १ लाख १० हजारांचं पॅकेज: एफडी मोडू की हप्ते घेऊ?

ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय ४१, ठाण्यात नौपाड्यातल्या खाजगी शाळेत नोकरी, हातात येणारा पगार ४६ हजार. सहा वर्षांपासून सोरायसिस आहे, म्हणजे त्वचेवर खवले धरणारे चट्टे येतात. घोडबंदर रोडवरच्या एका स्किन क्लिनिकने वर्षभराचं १ लाख १० हजारांचं पॅकेज दिलंय आणि ‘मुळापासून बरं करू’ असं सांगितलंय. मुलाच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेली २ लाखांची एफडी मोडावी, की ९,९०० रुपयांचे १२ हप्ते बांधून घ्यावेत? ५ हजार टोकन देऊन झालंय.

ताई, एफडीही मोडू नका आणि हप्तेही नकोत, कारण पॅकेजच घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे मात्र याच आठवड्यात जा. तुमच्या पत्रात हे दोन्ही एकच असल्यासारखं आलंय, म्हणून आधी ते वेगळं करतो.

मे महिन्यातही तुम्ही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालता, स्टाफरूममधून उठताना खुर्ची हाताने झटकता, हे वाचून वाईट वाटलं. सोरायसिस शिवल्याने पसरत नाही. तो आपल्याच प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होतो. पण हा संकोच सहा वर्षं सोसल्यावर माणूस ‘मुळापासून’ या एका शब्दासाठी कितीही पैसे मोजायला तयार होतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. हा आजार आटोक्यात राहतो, कित्येकांची त्वचा उपचारांनी जवळजवळ पूर्ण साफही होते. पण कायमचा घालवणारा उपचार आज कुणाकडेच नाही. ज्याची हमी देताच येत नाही, त्यासाठी आगाऊ पैसे का द्यायचे?

तुम्ही पाठवलेला कोटेशनचा कागद नीट वाचला. पहिल्या पानावर २४ लाइट सिटिंग (त्वचेवर ठरावीक अतिनील प्रकाश देण्याचा उपचार), चार तपासण्या, एक ‘स्किन किट’. दुसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात तीन ओळी आहेत: औषधं आणि रक्ततपासण्यांचा खर्च वेगळा, न वापरलेली सिटिंग १२ महिन्यांनंतर रद्द, भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. सोरायसिसचा उपचार कसा लागू पडतोय ते बघून बदलावा लागतो. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, लाइट पुरे, आता गोळ्या सुरू करू, तर उरलेल्या सिटिंगचे पैसे गेलेच. शिवाय लाइट घ्यायला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर नौपाड्यातून घोडबंदर रोड गाठायचा, तिथून परत ऐरोली. त्या रस्त्याची संध्याकाळची कोंडी तुम्हाला मी सांगायला नको. किती आठवडे जमेल?

आता हप्त्यांचं बघू. क्लिनिकने ‘फक्त ८ टक्के’ सांगितलंय, तो फ्लॅट दर आहे. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत जाणार, तरी व्याज मात्र पूर्ण रकमेवर. घटत्या बाकीवर मांडलं तर दर साडेचौदाच्या आसपास जातो. त्यात २,२०० प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरला की १९ टक्के. एकूण १,२१,३९६ रुपये जातील, आणि औषधं वर.

याउलट, गेल्या वर्षी शाळेजवळच्या ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे तुम्ही एकदाच गेलात, त्यांचेच आकडे घेऊ. फी ९००, रक्ततपासणी १,२००. वर्षात सात भेटी म्हणजे ६,३००, सहा तपासण्या ७,२००. औषधं आणि मॉइश्चरायझरला महिना दीड हजार धरले, म्हणजे १८ हजार. एवढ्यावर भागलं तर ३१,५००. लाइट लागलाच, तर ५०० रुपयांप्रमाणे ३० सिटिंगचे १५ हजार. सगळं मिळून ४६,५००, तेही लागेल तसं. मात्र लाइटचं ठिकाण निवडताना सिटिंगच्या दरापेक्षा ते जवळ असण्याला जास्त महत्त्व द्या. घर किंवा शाळेपासून चालत जाता येईल असं बघा, नाहीतर निम्मी सिटिंग चुकतात. खर्च याहून कमी हवा असेल तर नेरुळचं डी. वाय. पाटील किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो; रांग असते, पण शिकलेली माणसं बघतात.

शाळेजवळच्या त्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी लिहून दिली, नेटवर ‘कॅन्सरचं औषध’ वाचून तुम्ही घाबरलात आणि परत गेलाच नाहीत. सोरायसिससाठी हे औषध कित्येक दशकं वापरात आहे, आणि कॅन्सरच्या मानाने मात्रा फार लहान असते. रक्ततपासण्या सांगतात त्या लिव्हर आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवायला. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहायचा. घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील; तुम्ही भीती त्यांच्यासमोर बोलून दाखवा. आणि केमिस्टकडून आणलेलं ते स्टेरॉइडचं मलम सहा वर्षं स्वतःच्या मनाने लावताय, तेही त्यांना दाखवा. ट्यूब स्वस्त दिसते, पण त्वचा पातळ होते आणि अचानक बंद केलं की आजार उसळतो.

आता पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘सकाळी बोटं आखडतात, खडू धरायला वेळ लागतो, वयामुळे असेल.’ मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. सोरायसिस असलेल्या दहापैकी तिघांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो, आणि उशीर झाला तर सांध्यांचं नुकसान भरून येत नाही. वय ४१ हे बोटं आखडायचं वय नाही. माझ्या हिशेबात तुमची सगळ्यात मोठी मालमत्ता एफडी नाही, तुमची नोकरी आहे: आजच्याच पगाराने, एकही वाढ न धरता, ५८ पर्यंत जवळजवळ ९४ लाख. पॅकेजच्या कागदावर सांध्यांचा उल्लेखसुद्धा नाही. त्वचारोगतज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगा, ते म्हणाले तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. यासाठी एफडीला हात लावावा लागला तरी बिनधास्त लावा. तीही मोडण्याआधी बँकेत एफडीवर कर्ज विचारा. एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं.

पैशांची सोय साधी आहे. तुम्ही ९,९०० चा हप्ता भरायला तयार होताच. त्यातले ४ हजार दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका, ते फक्त त्वचेसाठी. हा खर्च विजेच्या बिलासारखा धरायचा: कधी कमी, कधी जास्त, पण दर महिन्याचा. उरलेले ५,९०० मुलाच्या फीकडे वळवा.

विम्याचं एवढंच. यजमानांच्या कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी (दाखल न होता घेतलेले उपचार) नाही, म्हणजे वरचा खर्च खिशातूनच. पण नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटते, म्हणून स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी, आत्ताच घ्या. सोरायसिसबरोबर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका वाढतो. तसं काही मागे लागल्यावर पॉलिसी मिळणं अवघड जातं. फॉर्मवर सोरायसिस स्पष्ट लिहा. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्याचा क्लेम मिळत नाही तो काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. लपवलंत तर पुढे क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल. पुढेमागे बायोलॉजिक इंजेक्शनची (प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागावर काम करणारं महागडं औषध) वेळ आलीच तर आधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या, मगच पैसे भरा.

टोकनचे ५ हजार गेले म्हणून बाकीचे १ लाख ५ हजार भरू नका. उपचार सुरू झालेले नाहीत, तेव्हा टोकन परत हवं असा ईमेल आजच क्लिनिकला पाठवा आणि पावती जपून ठेवा. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं, तरी ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.