विचारा बिनधास्त: एवढी बॉम्बर विमानं गेली तरी कुठे?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची लँकेस्टर बॉम्बर ७ हजारांवर बनली म्हणे, आणि आज उडणारी फक्त २. बाकीची सगळी पाडली गेली का?

नाही हो. एकूण ७,३७७ बनली, निम्म्याच्या आसपास युद्धात गेली हे खरं, पण उरलेली शत्रूने नाही, भंगारवाल्याने संपवली. १९४५ नंतर चार इंजिनांचं हे धूड कोणाला हवं होतं? कापायचं, वितळवायचं, विषय संपला. शॉर्ट स्टर्लिंग नावाचं दुसरं एक जड बॉम्बर होतं, २ हजारांवर बनलं, आज त्याचं एकही अख्खं विमान जगात नाही.

मग वाचली कोणती, तर ज्यांना युद्धानंतर काहीतरी नोकरी मिळाली ती. आणि खरी गंमत पुढे आहे, आज उडणाऱ्या दोन्ही लँकेस्टरनी युद्धात एकही बॉम्ब टाकलेला नाही! ब्रिटनमधलं पीए४७४ क्रमांकाचं विमान तयार होऊन पूर्वेकडे जायच्या आधीच युद्ध आटोपलं, मग ते आफ्रिकेत नकाशांसाठी फोटो काढत फिरलं. कॅनडातल्या हॅमिल्टनचं एफएम२१३ पण १९४५ चंच, ते समुद्रावर गस्त घालायचं. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून ब्रिटनला गेलं आणि दोघं शेजारी शेजारी उडाली, आठ मर्लिन इंजिनं एकाच वेळी, व्हिडिओ बघा आणि आवाज मोठा ठेवा, बाकी मी काही बोलत नाही. ज्यांनी खरंच मार खाल्ला ती जमिनीवर आहेत, म्हणजे १३७ मोहिमा केलेलं 'एस फॉर शुगर' लंडनजवळ हेन्डनच्या म्युझियममध्ये आणि ९० केलेलं 'जी फॉर जॉर्ज' कॅनबेराला.

प्रश्न: आपल्या हवाई दलाकडेपण असली जड बॉम्बर होती असं आजोबा सांगायचे. खरं की गप्पा?

शंभर टक्के खरं, आणि हा किस्सा माझा लाडका आहे. अमेरिकन बनावटीची बी-२४ लिबरेटर ब्रिटिश हवाई दल वापरायचं, युद्ध संपल्यावर त्यांनी ती कानपूरला आणून टाकली आणि जाताना कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून ठेवली. फाळणीनंतर आपल्याला बॉम्बर हवी होती आणि विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यात हात घातला, ह्याचं चाक त्याला, त्याचं इंजिन ह्याला असं करत विमानं जेमतेम उडण्याजोगी केली आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती उडवत बंगळुरूला न्यायचे. कानपूर ते बंगळुरू, तेही असल्या जोडजाड केलेल्या विमानातून, विचार करा! बंगळुरूत मग नीट दुरुस्ती व्हायची. १९४८ पासून ती हवाई दलात आली आणि १९६८ पर्यंत टिकली, बाकी जगाने लिबरेटर कधीच मोडीत काढली होती.

म्हणून आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या म्युझियममध्ये जी लिबरेटर दिसतात त्यातली कित्येक आपल्याकडून गेलेली आहेत. अमेरिकेत अलीकडच्या काळात उडालेली लिबरेटर दोनच, त्यातलंही एक इथूनच गेलेलं. १८ हजारांवर बनलेल्या विमानाची ही गत, आणि वाचवलं कोणी, तर ज्यांना नवं परवडत नव्हतं त्यांनी.

प्रश्न: तळ्यातून काढून रिस्टोर केलेलं विमान 'ओरिजिनल' म्हणायचं का? निम्मे पार्ट तर नवेच असतात.

हा वाद चहा संपला तरी संपत नाही. हॅलिफॅक्स या ब्रिटिश बॉम्बरचंच घ्या ना, ६ हजारांवर बनली, आज जगात तीन, आणि तिघांची तीन तऱ्हा. पहिलं एप्रिल १९४२ मध्ये जर्मनीच्या टिर्पिट्झ युद्धनौकेवर हल्ला करताना मार लागून नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरलं, माणसं बाहेर पडली, पुढे बर्फ वितळला आणि विमान तळाशी गेलं. १९७३ ला वर काढलं आणि हेन्डनला जवळपास तसंच, चेपलेलं, पत्रे फाटलेलं ठेवलंय. दुसरं १९९५ ला नॉर्वेच्याच म्योसा तळ्यातून काढलं, ते कॅनडात ट्रेंटनला दहा वर्षं खपून चकाचक केलं. तिसरं यॉर्कशायरमध्ये, त्याच्या धडाचा एक तुकडा एका बेटावर कोंबड्यांचं खुराडं होता! त्याला दुसऱ्याच जातीच्या हेस्टिंग्ज विमानाचे पंख लावले आणि इंजिनं फ्रेंच विमानांची.

मला विचाराल तर पहिलं सगळ्यात ओरिजिनल, आणि बघायला सगळ्यात भकास. लहान मुलं मात्र खुराडंवाल्यासमोरच रेंगाळणार, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

प्रश्न: इतकी दुर्मिळ विमानं उडवायचीच कशाला? एक पडलं तर संपलं ना.

पडतातच. अमेरिकेत २०१९ ला बी-१७ जातीचं एक जुनं बॉम्बर कोसळलं, ७ माणसं गेली, २०२२ ला डॅलसच्या एअर शोमध्ये दुसऱ्या बी-१७ ला एक छोटं फायटर हवेत धडकलं, दोन्ही मिळून ६ गेली. २०२३ मध्ये पंख जोडतात तिथल्या फिटिंगला तडे सापडले म्हणून तिथली बी-१७ तपासणीसाठी जमिनीवरच ठेवावी लागली. आणि ग्रीनलंडचं 'की बर्ड' नावाच्या बी-२९ बॉम्बरची गोष्ट ऐका, १९४७ ला बर्फात उतरलं, ४८ वर्षं तसंच पडून, १९९४ ला लोकांनी तिथे जाऊन दुरुस्त केलेली इंजिनं बसवली, १९९५ ला सुरू केली, उडायला निघालं आणि बर्फावर आदळत जाताना शेपटाकडच्या छोट्या जनरेटरच्या टाकीतून पेट्रोल गळलं, आग लागली, सगळं जळून खाक. बर्फाने सांभाळलं होतं हो इतकी वर्षं.

तरी मी 'उडवू नका' म्हणणार नाही, कारण उभं विमान हळूहळू मरतं, रबर कडक होतं, सील सुकतात, पत्रा गंजतो. मधला मार्ग इंग्लंडात ईस्ट कर्कबीला आहे, तिथलं 'जस्ट जेन' लँकेस्टर चारही इंजिनं लावून धावपट्टीवर नुसतं फिरवतात, तुम्हाला आत बसवूनसुद्धा, आणि एकीकडे ते परत उडवायचं कामही चालू आहे. ते विकत घेतलं पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी. त्यांचा मोठा भाऊ १९४४ ला न्युरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला, तो हॅलिफॅक्सवर होता. पण हॅलिफॅक्स ते आणणार कुठून?