वृद्धनिवासात आई नीट जेवत नसेल, तर जेवणाच्या वेळी काय पाहावे?

तुमच्या आईचे वजन उतरत चालले आहे, निवासातले कर्मचारी ‘त्या जेवतच नाहीत’ एवढेच सांगतात आणि नेमके काय तपासावे ते कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी अशाच एका निवासात ज्येष्ठांच्या जेवणाची देखरेख करते. ‘जेवत नाहीत’ या उत्तरामागे बहुधा एक तर भरवणाऱ्याची घाई असते, नाही तर गिळण्याचा त्रास असतो, असे मी पाहत आले आहे. म्हणून एकदा ऐन जेवणाच्या वेळी भेटीला जा आणि मध्ये न बोलता शेवटपर्यंत बसा.

आधी त्यांना बसवले कसे आहे ते पाहा. पलंगावर अर्धवट रेललेल्या माणसाला भरवणे धोक्याचे असते. पाठ सरळ, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली असावी, आणि जेवण झाल्यावरही निदान अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. भरवणाऱ्यानेही शेजारी, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले पाहिजे, कारण तो उभा राहिला की खाणाऱ्याची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जाण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर एकेका घासाकडे लक्ष द्या. चमचा लहान आणि अर्धाच भरलेला असावा. तो ओठांपाशी नेऊन त्या स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे, आणि गिळताना गळा वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा घास देऊ नये. काही जणांच्या गालात घास तसाच साठून राहतो आणि वरून दुसरा येतो. पाहणाऱ्याला मात्र जेवण सुरळीत चालले आहे असे वाटते. जेवताना ठसका लागणे किंवा जेवणानंतर आवाज घशात पाणी अडकल्यासारखा घरघरणे ही गिळण्यात अडचण असल्याची लक्षणे आहेत. ठसका लागत नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण काहींच्या श्वासनलिकेत अन्न ठसक्याविनाच उतरते आणि वारंवार होणाऱ्या छातीच्या संसर्गातूनच ते लक्षात येते. अशी शंका आली, तर डॉक्टरांमार्फत स्पीच थेरपिस्टकडून, म्हणजे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून, गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न किती मऊ आणि पेय किती दाट असावे, हे ते आंतरराष्ट्रीय मोजणीनुसार 0 ते 7 या पातळ्यांत सांगू शकतात. कर्मचाऱ्यांनी मनाने पाणी दाट करू नये, कारण दाट पाणी पुष्कळांना नकोसे होते आणि शरीरात पाणी कमी पडू लागते. त्यातच म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावलेली असते.

ताटातले सगळे पदार्थ एकत्र कालवून भरवणे मला मुळीच पटत नाही. अन्न वाटून मऊ करावे लागले, तरी प्रत्येक पदार्थ वेगळा वाढता येतो आणि आपण काय खातो आहोत हे कळणे हा त्या माणसाचा हक्क आहे.

कवळी सैल झाली आहे का, तोंड कोरडे पडते का, दात आणि जीभ रोज स्वच्छ होतात का, हेही विचारा. वजन घटले की हिरड्या आक्रसून कवळी हलते, आणि हलत्या कवळीने चावणे दुखते.

आईला स्मृतिभ्रंश असेल, तर दूरदर्शन संच बंद ठेवा आणि अन्नाहून वेगळ्या रंगाचे ताट वापरायला सांगा, म्हणजे अन्न डोळ्यांना उठून दिसेल. चमचा त्यांच्या हातात देऊन खालून आपल्या हाताचा आधार दिला, तर पुष्कळ जण बराच काळ आपल्या हाताने जेवू शकतात. थोडे सांडले तरी चालेल.

शेवटी नोंदवही मागा. एका महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन घटणे गंभीर मानले जाते. म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीचे महिन्यात अडीच किलो कमी झाले, तर डॉक्टरांना तातडीने कळवायला हवे. ‘जेवण ठीक’ अशा शेऱ्यावर समाधान मानू नका. ताटातले पाव, अर्धे की पूर्ण संपले, पाणी किती प्यायल्या आणि कोणी भरवले, हे रोज लिहिले जावे असा आग्रह धरा, आणि शक्य असेल तिथे रोज त्याच ओळखीच्या व्यक्तीने त्यांना भरवावे, अशी विनंती करा.